रद्दीत गेलेली साधने : संगणक-खेळांच्या मासिकांचा इतिहास (थ्रेड)

१/
जून १८४२. अहमदनगरात अमेरिकन मराठी मिशनने ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले. एकोणिसाव्या शतकातील नगरचे शिक्षण, धर्मविषयक वाद, त्या काळचे समाजजीवन यांविषयी लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाला आजही त्याचे जुने अंक उलगडावे लागतात. छापला जातो तेव्हा अंक ही केवळ बातमी असते. शंभर वर्षे टिकला की तो इतिहासाचे साधन होतो. टिकला तर, एवढीच अट.

२/
हाच प्रश्न आता विसाव्या शतकाच्या अखेरीविषयी विचारून पाहू. १९९०च्या दशकात नगर, श्रीरामपूर, संगमनेर, कोपरगाव येथील घरांत टीव्हीला जोडून जे खेळ खेळले गेले, त्यांचे लेखी साधन कोणते? ब्रिटन, अमेरिका आणि जपान येथे ही नोंद हजारो अंकांतून झाली. आपल्याकडे ती जवळजवळ झालीच नाही. हा थ्रेड त्या अंकांविषयी आहे आणि ते आपल्याकडे नसल्याने काय हरवले, याविषयीही.

३/
आरंभ १९७२ च्या ऑक्टोबरात. कॅलिफोर्नियात बॉब अल्ब्रेख्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘पीपल्स कॉम्प्युटर कंपनी’ नावाचे वार्तापत्र काढले. संगणक सामान्य माणसाच्या हाती यावा, हा त्यामागचा हेतू. आणि त्यासाठी निवडलेले साधन म्हणजे खेळ. १९७३ मध्ये डेव्हिड आल यांनी बेसिक भाषेतील १०१ खेळांचे पुस्तक प्रसिद्ध केले. १९७४ मध्ये त्यांनीच ‘क्रिएटिव्ह कॉम्प्युटिंग’ हे नियतकालिक सुरू केले. घरोघरी संगणक येण्याआधीच त्याचे नियतकालिक आले होते.

४/
या अंकांत खेळाचे केवळ वर्णन नसे, प्रत्यक्ष खेळच छापलेला असे. पाने भरून बेसिकच्या आज्ञा, प्रत्येक ओळीला क्रमांक. वाचकाने अंक शेजारी ठेवून ओळ न् ओळ टंकित करायची, मग तो चालवायचा. एक खेळ उतरवून घेण्यात संध्याकाळ जाई, कधी पुरता रविवार. एक स्वल्पविराम चुकला तरी खेळ चालत नसे. ती चूक शोधता शोधता कित्येक मुले आज्ञावली लिहायला शिकली.

५/
पोथ्यांच्या अभ्यासकांना हे ओळखीचे वाटेल. लेखनिक पोथी उतरवून घेई तेव्हा अक्षरे गळत, ओळी निसटत आणि पाठभेद निर्माण होत. इथेही तेच घडले. यावर अमेरिकेच्या ‘कॉम्प्युट!’ मासिकाने १९८३ मध्ये उपाय काढला : प्रत्येक ओळीतील अक्षरांवरून एक आकडा काढणारी छोटी आज्ञावली. पडद्यावरचा आकडा छापील आकड्याशी जुळला की ओळ बिनचूक. संशोधित आवृत्ती तयार करण्याचे हे यांत्रिक रूपच म्हणायचे.

६/
१९८१ हे निर्णायक वर्ष. त्या वर्षी अमेरिकेत ‘इलेक्ट्रॉनिक गेम्स’ आणि ‘कॉम्प्युटर गेमिंग वर्ल्ड’, तर ब्रिटनमध्ये ‘कॉम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स’ अशी तीन नियतकालिके सुरू झाली. ‘इलेक्ट्रॉनिक गेम्स’चे संस्थापक आर्नी कॅट्झ, बिल कंकेल आणि जॉइस वर्ली. यांपैकी कॅट्झ आणि कंकेल हे १९७९ पासून ‘व्हिडिओ’ मासिकात खेळांवर सदर लिहीत होते. नाटकाला किंवा चित्रपटाला असते तशी खेळालाही समीक्षा असू शकते, हा विचार या तिघांनी रुजवला.

७/
पाठोपाठ १९८३ साली अमेरिकेतील व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. दुकाने सुमार खेळांनी भरली होती आणि ग्राहकाचा विश्वास उडाला होता. १९८५ पर्यंत ‘इलेक्ट्रॉनिक गेम्स’ही बंद पडले. पण याच १९८३ मध्ये जपानात निन्टेंडोचा ‘फॅमिकॉम’ बाजारात आला. आणि याच वर्षी आपल्या जिल्ह्यात लोणी, संगमनेर आणि कोपरगाव अशा तीन ठिकाणी अभियांत्रिकी महाविद्यालये सुरू झाली. साखर कारखान्यांच्या परिसरात संगणक शिकण्याची वाट उघडण्याचा काळ तोच.

८/
आता थोडे ब्रिटनकडे, कारण तिथली एक हकिकत तालुक्याच्या गावात राहणाऱ्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे. श्रॉपशर परगण्यात लडलो नावाचे बाजाराचे गाव आहे. वस्ती दहा हजारांच्या आसपास, म्हणजे संगमनेर किंवा श्रीरामपूरहून कितीतरी लहान. लंडनपासून दूर असलेल्या या गावातून रॉजर कीन आणि ऑलिव्हर व फ्रँको फ्रे हे बंधू यांनी १९८४ च्या आरंभी ‘क्रॅश’ हे मासिक काढले. ते सिंक्लेअरच्या झेडएक्स स्पेक्ट्रम या स्वस्त घरगुती संगणकाला वाहिलेले होते.

९/
खेळ तपासून मत देण्यासाठी ‘क्रॅश’ने गावातील शाळकरी मुले घेतली. शाळा सुटल्यावर ती कार्यालयात येत, खेळ खेळत आणि आपले मत देत. एकाच खेळावर तिघांची मते छापली जात, त्यामुळे मतभेदही वाचकासमोर येत. मुखपृष्ठे ऑलिव्हर फ्रे स्वतः रंगवत. काही वर्षांतच खप लाखाच्या घरात गेला. राजधानीत नसणे ही अडचण ठरली नाही. ज्यांच्यासाठी लिहायचे ती मुले मासिकाच्या दारातच होती.

१०/
याच गोतावळ्यातला एक तरुण म्हणजे क्रिस अँडरसन. जन्म पाकिस्तानात, आईवडील वैद्यकीय सेवा करणारे मिशनरी, बालपणीचे शिक्षण मसुरीच्या वुडस्टॉक शाळेत. १९८५ मध्ये तो ‘झॅप!६४’ या मासिकाचा पहिला संपादक झाला आणि त्याच वर्षी त्याने ‘फ्यूचर पब्लिशिंग’ ही स्वतःची संस्था उभारली. पुढे ‘एज’ आणि ‘पीसी गेमर’ ही नामांकित मासिके १९९३ मध्ये याच संस्थेतून निघाली. पुढे जगाने त्याला ‘टेड’ व्याख्यानांचा प्रमुख म्हणून ओळखले.

११/
जपानातील कथा आणखी साधी आणि अधिक मोठी. १९८३ मध्ये सातोशी ताजिरी या तरुणाने ‘गेम फ्रीक’ नावाचे हस्तलिखित काढले. हाताने लिहायचे, प्रती काढायच्या, टाचण्या मारायच्या आणि विकायचे. एका दुकानात त्याचा अंक केन सुगिमोरी या चित्रकाराच्या हाती पडला आणि तो ताजिरीला येऊन मिळाला. आपल्या शाळा-महाविद्यालयांतील हस्तलिखितांची परंपरा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे दृश्य अपरिचित वाटणार नाही.

१२/
खेळांवर लिहिता लिहिता या मंडळींना वाटू लागले की चांगले खेळ आपणच करावेत. १९८९ मध्ये त्या हस्तलिखिताची कंपनी झाली. नाव तेच ठेवले. फेब्रुवारी १९९६ मध्ये तिने जो खेळ बाजारात आणला तो म्हणजे ‘पोकेमॉन’. टाचण्या मारलेल्या काही पानांपासून जगप्रसिद्ध खेळापर्यंतचा हा प्रवास तेरा वर्षांचा आहे. लेखन आणि निर्मिती यांच्यातले अंतर वाटते तितके मोठे नसते, याचा हा पुरावा.

१३/
मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्याने छापील शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. ‘स्ट्रीट फायटर २’ या खेळात एक वाक्य चुकीच्या भाषांतराने आले होते आणि त्यामुळे ‘शेंग लाँग’ नावाचा कोणी गुप्त योद्धा असावा, असा समज पसरला. एप्रिल १९९२ च्या अंकात अमेरिकेच्या ‘इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली’ने त्याला गाठण्याची पद्धत छापली. ती एप्रिल फूलची थट्टा होती. मुलांनी मात्र तो योद्धा शोधण्यात कित्येक तास घालवले.

१४/
दुसरी सावधगिरी जाहिरातींविषयी. मासिकाचे उत्पन्न मुख्यतः खेळ-कंपन्यांच्या जाहिरातींतून येई आणि समीक्षाही त्याच कंपन्यांच्या खेळांची करायची असे. ‘निन्टेंडो पॉवर’ (१९८८) तर निन्टेंडोचेच मुखपत्र. बखर वाचताना ती कोणाच्या आश्रयाने लिहिली गेली हे आपण आधी पाहतो. हे अंक वाचतानाही तीच कसोटी लावावी. दोष असूनही बखर टाकून देता येत नाही, तसेच हे अंकही टाकून देता येत नाहीत.

१५/
आता भारताकडे वळू. १९८४ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ हा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला. आरंभी सुमारे २५० शाळा आणि त्यांत ब्रिटनचे बीबीसी मायक्रो संगणक. त्याच दशकाच्या उत्तरार्धात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने स्पेक्ट्रमची परवाना घेतलेली भारतीय आवृत्ती विकली. म्हणजे लडलोच्या मुलांकडे असलेले यंत्र आपल्या देशातही आले होते. पण ‘क्रॅश’सारखे मासिक त्याच्यासोबत आले नाही.

१६/
१९९० च्या दशकात छोट्या गावांपर्यंत पोहोचला तो ‘टीव्ही व्हिडिओ गेम’, म्हणजे फॅमिकॉमच्या नकला. त्यांत घालायच्या काडतुसाला आपण ‘कॅसेट’ म्हणत असू आणि तिच्यावर ‘९९९९ इन १’ असे लिहिलेले असे. प्रत्यक्षात मोजके खेळ पुन्हा पुन्हा यादीत येत. ‘मारियो’ आणि ‘कॉन्ट्रा’ घराघरांत ठाऊक झाले. पण त्या कॅसेटवर ना निर्मात्याचे नाव, ना सालाचा उल्लेख, ना माहितीपत्रक. मारियोचा कर्ता शिगेरू मियामोतो हे नाव मुलांच्या कानावर पडण्याचे कारणच नव्हते.

१७/
कॉन्ट्रामध्ये तीस आयुष्ये मिळवण्याची बटणांची किल्ली तुम्हांला आठवत असेल : वर वर, खाली खाली, डावे उजवे, डावे उजवे. कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी ती मुळात ‘ग्रॅडियस’ या खेळासाठी योजली होती. अमेरिकेतील मुलांना अशा किल्ल्या मासिकांत वाचायला मिळत. आपल्याकडे ती मामेभावाकडून, शेजारच्या दादाकडून तोंडी आली. आपला खेळांचा इतिहास हा मौखिक परंपरेचा इतिहास आहे आणि मौखिक परंपरा सांगणाऱ्याबरोबर संपते.

१८/
भारतात संगणकविषयक इंग्रजी मासिके होती. सायबर मीडियाचे ‘पीसीक्वेस्ट’ १९८७ चे. मुंबईच्या जसुभाई डिजिटल मीडियाचे ‘डिजिट’ जून २००१ मध्ये सुरू झाले. त्याआधी हीच संस्था जर्मनीच्या ‘चिप’ मासिकाची भारतीय आवृत्ती काढत असे. ‘डिजिट’सोबत सीडी मिळे, पुढे डीव्हीडी मिळू लागली. तिच्यात उपयुक्त सॉफ्टवेअर असे आणि नव्या खेळांचे नमुनेही, म्हणजे पहिला टप्पा फुकट खेळण्याची सोय.

१९/
या सीडीचे मोल आज समजावे म्हणून एक हिशेब करू. त्या काळी टेलिफोनवरून चालणाऱ्या इंटरनेटचा कमाल वेग ५६ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला फार तर ७ किलोबाइट. सीडीत साधारण ६५० मेगाबाइट मावत. तेवढे उतरवून घ्यायला जोडणी पूर्ण वेगाने, एकदाही न तुटता चालली तरी सुमारे २६ तास लागले असते आणि फोनचे बिल मिनिटागणिक वाढत गेले असते. तालुक्याच्या गावातील मुलासाठी ती चकती हेच महिन्याचे इंटरनेट होते.

२०/
२००१ मध्येच महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाला आणि तालुक्या-तालुक्यांत संगणक केंद्रे उघडली. संगणकावर हात बसलेली एक मराठी पिढी तयार होऊ लागली. दरम्यान जसुभाईंनीच ‘स्कोअर!’ नावाचे खास खेळांना वाहिलेले नियतकालिक काढले. पुढे ते ‘डिजिट’बरोबर मिळणारी पुरवणी झाले. खेळांवर गांभीर्याने लिहिणारे भारतीय नियतकालिक म्हणून त्याचे स्थान महत्त्वाचे आहे. पण ते इंग्रजीत होते.

२१/
मराठीत अशी परंपरा का रुजली नाही? मासिकांची वाण आपल्याकडे कधीच नव्हती. मुलांसाठी बालभारतीचे ‘किशोर’ १९७१ पासून आहे. क्रिकेटसाठी संदीप पाटील यांच्या संपादनाखालचे ‘एकच षट्कार’ होते आणि मराठी मुलांनी ते आवडीने वाचले. पण खेळांची भाषा इंग्रजी, जाहिरातदारांची नजर महानगरांवर, सोबत चकती द्यायची तर खर्च वाढलेला. आणि बहुसंख्य कॅसेटी नकली, म्हणजे जाहिरात देणारी अधिकृत कंपनीच समोर नाही. त्यात ‘गेम म्हणजे वेळेचा अपव्यय’ ही घरोघरची समजूत. ज्याला आपण वेळेचा अपव्यय म्हणतो, त्याचे दप्तर कोणी ठेवत नाही.

२२/
मग काळ बदलला. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणानंतर इंटरनेटचा वेग वाढू लागला आणि चकतीची गरज सरली. जगभर तेच झाले. ‘कॉम्प्युटर गेमिंग वर्ल्ड’ २००६ मध्ये थांबले, ‘निन्टेंडो पॉवर’ २०१२ मध्ये. जपानचे ‘फामित्सू’ (१९८६) आणि ब्रिटनचे ‘एज’ मात्र आजही निघतात. आपल्याकडे मासिकाचे पर्व पुरते रुजण्याआधीच ओसरले.

२३/
संकेतस्थळावर गेले म्हणजे जपले गेले, असेही नाही. अमेरिकेचे ‘गेम इन्फॉर्मर’ १९९१ पासून निघत होते. २ ऑगस्ट २०२४ रोजी मालक कंपनीने ते अचानक बंद केले आणि संकेतस्थळावरचे सारे लेख काढून तिथे निरोपाचा एक संदेश ठेवला. २०२५ मध्ये नव्या मालकाकडे ते पुन्हा सुरू झाले, हे सुदैव. मधल्या काळात ज्यांच्याकडे छापील अंक होते, त्यांच्याकडेच इतिहास होता.

२४/
खेळांची स्थिती तर याहून नाजूक. ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’च्या २०२३ च्या अभ्यासानुसार, २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात अधिकृतपणे मिळत नाहीत. खेळ नाहीसा झाला तर तो कसा होता हे सांगायला मासिकच उरते. याच संस्थेने जानेवारी २०२५ मध्ये १,५०० हून अधिक जुने अंक शोधता येतील अशा रूपात अभ्यासकांना खुले केले. त्यांतले बरेचसे लोकांच्या माळ्यांवर आणि खोक्यांत पडलेले होते.

२५/
आपल्याकडे जुने अंक किलोवर रद्दीत गेले. सोबतच्या सीडी पाखरे हाकायला शेतात टांगल्या गेल्या, नाहीतर गाड्यांच्या आरशांना लटकल्या. ज्या उरल्या त्यांच्यावरील माहितीचा थरही काळाबरोबर खराब होतो. आणि हे केवळ जुन्या काळापुरते नाही : सप्टेंबर २०२० मध्ये ‘पबजी मोबाइल’वर बंदी आली. ज्या खेळाने गावोगावच्या पोरांच्या रात्री व्यापल्या होत्या, त्याविषयी शंभर वर्षांनी लिहिणाऱ्याला मराठीत काय सापडेल?

२६/
राजवाडे गावोगाव फिरून दप्तरे गोळा करत, तेव्हा त्या कागदांना किंमत आहे हे घरच्यांनाही पटत नसे. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात आज मोडी कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे, तो कोणीतरी ते कागद जाळले नाहीत म्हणून. तेव्हा, मित्रहो, चार साधी कामे :
• जुने अंक, सीडी, कॅसेटी रद्दीत देऊ नका.
• मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि जाहिराती यांची स्वच्छ छायाचित्रे काढा.
• चकतीवरील मजकुराची प्रत आजच काढून ठेवा.
• वस्तू कोठून, कोणत्या वर्षी, किती रुपयांना आली, हे लिहून तिच्यासोबत ठेवा.

२७/
आणि पाचवे काम, ज्याला कशाचीच खरेदी लागत नाही. तुमच्या गावात व्हिडिओ गेम भाड्याने देणारे, सायबर कॅफे चालवणारे, कॅसेटी विकणारे कोणी असेल, तर त्यांच्याशी बोला आणि ते मराठीत, तारखेसह लिहून काढा. ताजिरीकडे तरी आरंभी याहून अधिक काय होते? कागद, टाचण्या आणि आवड. १८४२ मध्ये ज्या गावात ‘ज्ञानोदय’ निघाले, त्या गावाच्या जिल्ह्याला एक हस्तलिखित काढणे जड जाऊ नये.

तुमच्याकडे जुना अंक किंवा सीडी असल्यास खाली तिचे साल आणि गाव नोंदवा. नोंद तिथूनच सुरू होईल. (समाप्त)